विमलची बाग आणि तिच्यातला आदर्श खंदक

विमल गेल्याचं तिच्या मुलाने फोनवर सांगितलं, तेही हिंदीत. "मौसी, मम्मी नहीं रहीं." मी विचारलं, कधी? "सुबह. नींद में ही." मग पलीकडून काहीच आवाज येईना. फोन कटला असं समजून मी हॅलो हॅलो करत राहिले आणि तो तिकडे रडत होता... मुलगा गुणी आहे. त्याला मराठी सगळं समजतं, बोलायला जमत नाही. आई त्याच्याशी मराठीत बोलायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि त्या दोघांचं कधी काही अडलं नाही. तिचं ज्यांच्याशी अडलं त्यांचं मराठी उत्तम होतं, अजूनही आहे. त्यांच्याविषयी पुढे लिहायचंच आहे. खरं तर त्यासाठीच लिहायला बसले आहे.

तीनेक आठवड्यांनी इथल्या, जबलपूरच्या मराठी मंडळींनी शोकसभा ठेवली. सतरंजी, उदबत्ती, फोटोला हार, सगळं रीतसर. फोटो कुठल्याशा लग्नातला होता, जोडीने काढलेला, त्यातून तिला एकटीला कापून मोठं केलेलं. खांद्याशी प्रभाकररावांच्या कोटाची बाही तेवढी राहून गेली होती. प्रभाकरराव म्हणजे विमलचे यजमान, शेजारधर्माने माझे भाऊजी. ते पुढे खुर्चीवर बसले होते, नव्वदीला टेकलेले पण पाठ ताठ. फॅक्टरीतले एक निवृत्त अधिकारी बोलायला उठले. म्हणाले, "प्रभाकररावांची ती पाखरांची बाग आपण कोणीच विसरू शकत नाही. लढाईच्या काळात, ओव्हरटाइमच्या धबडग्यात या माणसाने शकरखोऱ्यांसाठी बाग फुलवली, आणि विमलताईंनी त्यांना मोलाची साथ दिली." लोकांनी माना डोलावल्या. प्रभाकररावांनीही डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठायला लागले, पण माझे गुडघे असे की मी उभी राहीपर्यंत सगळेच उभे राहिले होते, दोन मिनिटांची शांतता सुरू झाली होती. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते. ती बाग विमलची होती. तिला साथ कोणी दिली असेल तर ती पाखरांनी.

चीनच्या लढाईनंतर जबलपूरच्या लष्करी सामानाच्या फॅक्टऱ्यांमध्ये जी मोठी भरती झाली तिच्यात आमची दोघींची लग्नं झाली असं म्हटलं तरी चालेल. सरकारी नोकरी आणि क्वार्टर, एवढं पाहून नागपूर-वर्ध्याकडच्या बापांनी मुली दिल्या. मी वर्ध्याची. विमल मात्र इथल्याच शहपुऱ्याची, शेतकऱ्याघरची. तिचे आजोबा कधीकाळी वऱ्हाडातून येऊन तिथे राहिलेले. आमच्या क्वार्टरांची मागची अंगणं एकमेकांना लागून होती, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर आमचं अर्धं आयुष्य गेलं. फॅक्टरीचा भोंगा झाला की पुरुष सायकली घेऊन जायचे, आणि पासष्टच्या सुमारास तर कधी परत येतील याचा नेम नसायचा. माझे यजमान लेथवर, प्रभाकरराव तपासणी विभागात. आत काय बनतं ते घरी सांगायचं नाही असा नियम होता. प्रभाकरराव तो इतका पाळायचे की आज डब्यात भाजी कशी झाली होती हेसुद्धा सांगायचे नाहीत.

अंगण म्हणजे काय तर मुरूम. कंत्राटदाराने क्वार्टरं बांधून उरलेल्या विटांचे तुकडे, चुना, खडी तिथेच पसरून टाकलेली. पहार मारली तर ठिणगी उडेल अशी जमीन. एक दिवस माझ्या बाजूच्या केळफुलावर एक शकरखोरा आला. अंगठ्याएवढा जीव, जांभळ्या शाईत बुडवून काढल्यासारखा चमकणारा, आणि चोच वाकडी, बारीक, शिवणाच्या सुईसारखी. पुढे पुस्तकात वाचलं की मराठीत याला शिंजीर म्हणतात, पण आमच्याकडे सगळे शकरखोराच म्हणायचे. विमल भिंतीपलीकडून पाहत होती. म्हणाली, "निमा, हा तुझ्याकडेच काहून येऊन राहिला?" मी म्हटलं, केळ आहे म्हणून. तर म्हणे, "म्हणजे याला खायला घातलं की हा येते. मग माझ्याकडेबी येईल." एवढंच. माणसं बागेची सुरुवात गुलाबाने करतात, हिने पाखराच्या चोचीपासून केली. लांब नळीचं फूल कोणतं, त्यात मध किती वेळ टिकतो, कोणत्या महिन्यात फुलतं, हे ती बघत फिरायची. गुलाब, झेंडू, शेवंती तिच्या लेखी बिनकामाची. "ते माणसाले दाखवाची फुलं आहेत," म्हणायची.

तिने अडुळसा लावला, थंडीत फुलतो म्हणून. पावसाळ्यासाठी हॅमेलिया लावला, शेंदरी फुलांचा, तो कुणाच्या तरी बंगल्याच्या कुंपणातून फांदी मागून आणलेला. जास्वंद बारा महिने. पण थंडी सरून उन्हाळा लागेपर्यंत काय, हा प्रश्न होता, कारण पाखरांचे घरटी करायचे दिवस तेच. त्यासाठी तिला मदन महलच्या टेकडीवरचं एक झुडूप हवं होतं. मोठमोठ्या खडकांच्या फटींतून उगवणारं, कोणी न लावलेलं, आणि फुललं की फांदीभर लाल नळ्या. आम्ही दोघी डबा घेऊन किल्ला बघायला म्हणून गेलो आणि झुडपं उपटून आणली. ती मेली. पुन्हा आणली, पुन्हा मेली. मग तिने बी आणलं, तपकिरीसारखं बारीक. फुटक्या माठाच्या बुडात रेतीत पेरलं आणि वरून ओलं फडकं टाकून ठेवलं. त्या रोपांना तिने तान्ह्या मुलासारखं जपलं. त्यांच्यासाठी ती वाफ्याची जमीन खणायची, खडे वेचायची, तळ्याकाठचा गाळ पाटीने आणून टाकायची, पालापाचोळा कुजवायची. वर्षानुवर्षं. माझ्या अंगणात कुदळ उसळून परत यायची आणि तिच्या त्या एका पट्ट्यात हात कोपरापर्यंत जायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच तिच्या मुळावर आली.

कॉलनीतल्या बायका तिला नावं ठेवायच्या, कारण मागच्या पडवीतली जळमटं ती काढायची नाही. दिवाळीला घर आतून लख्ख, आणि मागे कोपऱ्यात कोळ्यांची जाळी तशीच. का, तर शकरखोऱ्याची मादी घरटं विणायला कोळिष्टकं नेते, सुतासारखी. फवारणीवाले डासांचं औषध मारायला आले की विमल मागच्या दारात उभी. "भैया, घर में मार लो, बगिया में नहीं." कोणीतरी तिला सल्ला दिला की एवढा खटाटोप कशाला, वाटीत साखरेचं पाणी ठेव, पाखरं आपोआप येतील. त्यावर ती म्हणाली होती, "साखर रेशनची, ती सासूबाईंच्या चहालाच पुरत नाही. आन् साखरेवर आलेलं पाखरू साखर संपली का जाते. झाडावर आलेलं घरचं होऊन राहते." आणि खरंच झाली ती घरची. दोरीवर, वायरीच्या टोकाला, एकदा तर कपडे वाळत घालायच्या तारेवर लोंबतं घरटं बांधलं. पिल्लं उडेपर्यंत विमल माझ्या तारेवर कपडे वाळवायची.

आता प्रभाकररावांचा यात भाग काय ते सांगते, उगाच अन्याय नको. ते मागच्या अंगणात आरसा टांगून दाढी करायचे, आणि शकरखोऱ्याचा नर आरशातल्या स्वतःलाच दुसरा नर समजून चोची मारायचा. तोंडाला साबण लावलेले भाऊजी हातात वस्तरा घेऊन त्याला हुसकायचे. मोठी गंमत होती, मीही पोट धरून हसले आहे. ती गंमत ते विभागात सांगायचे, रंगवून सांगायचे, आणि हळूहळू फॅक्टरीभर झालं की प्रभाकरबाबूंकडे शकरखोऱ्यांची बाग आहे. ज्याच्या तोंडी गोष्ट त्याच्या नावावर बाग. शिवाय क्वार्टर त्यांच्या नावावर, दारावर पाटी त्यांची. कॉलनीत दरवर्षी बागांची स्पर्धा व्हायची. नियम असा की बक्षीस ज्याच्या नावावर क्वार्टर त्याला. पहिली काही वर्षं परीक्षक विमलच्या अंगणात डोकावून "जंगल है" म्हणत पुढे डेलियाकडे जायचे. मग एक वर्षी दुर्बीण गळ्यात घातलेले कोणी साहेब आले, तासभर पडवीत बसले, विमलच्या हातचा चहा प्याले आणि तिला काही न विचारता निघून गेले. त्या वर्षीचा कप प्रभाकररावांना. ते मंचावर गेले, कप घेतला, माईकसमोर उभे राहून म्हणाले, "घरच्यांचं सहकार्य मिळालं." आम्ही बायकांच्या रांगेत. विमल टाळ्या वाजवत होती. मी तिचा हात धरला, तर म्हणाली, "काहून नको वाजवू? कप तर आपल्याच घरी येऊन राहिला न."

प्रभाकरराव वाईट माणूस नाहीत. हीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांनी विमलवर कधी आवाज चढवला नाही. व्यसन नाही, पैशाची उधळपट्टी नाही, आजारी माणसाला सायकलवर डबल सीट दवाखान्यात नेणारा माणूस. सगळ्या कॉलनीचं काही ना काही त्यांनी केलं आहे, माझंही केलं आहे. फक्त घरात एक बाई आहे आणि तिला काही विचारायचं असतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. ती काही बोलली की ते "हो हो" म्हणायचे. इतक्या गोडपणे म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं काम झालं.

पासष्टच्या लढाईत तिची बाग थोडक्यात वाचली होती. ब्लॅकआउट सुरू झाला, काचांना काळे कागद लागले, आणि कॉलनीत कोणीतरी पिल्लू सोडलं की लाल रंग विमानातून आधी दिसतो. झालं. लोकांनी लाल साड्या आत वाळत घातल्या, एकाने तुळशीवृंदावनाचा गेरू खरवडला, आणि दोघं-तिघं येऊन विमलला म्हणाले की ही लाल फुलं फॅक्टरीवर बॉम्ब आणतील. तिने त्यांना बसवून चहा दिला आणि म्हणाली, "भैया, आख्ख्या कॉलनीची कौलं लाल आहेत. आधी ती झाकून या, मग मी माझं झाकते." ते हसत परत गेले. बाहेरच्यांना तिच्याकडे उत्तर होतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात प्रभाकरराव हवाई हल्ल्याच्या बंदोबस्तासाठी कॉलनीचे वॉर्डन झाले. दंडावर पट्टी, गळ्यात शिट्टी. प्रत्येक क्वार्टरच्या मागे खंदक खणायचा असा हुकूम आला, पण कोणी मनावर घेईना, त्या मुरमात खणणार कोण? तेव्हा भाऊजींनी सांगितलं की आधी माझ्या अंगणात एक आदर्श खंदक खणून दाखवतो, मग बाकीचे खणतील. दुपारी मोठे साहेब पाहायला येणार असंही ठरून गेलं. घरी काही ठरलं नव्हतं. सकाळी मजूर आले तेव्हा विमलला कळलं. मी भिंतीशी उभी होते. मजुरांनी विचारलं, "साहब, कहाँ खोदें?" भाऊजींनी पहार घेतली आणि स्वतः अंगणात फिरून बघितलं. नळाजवळ मारली, ठण्ण. भिंतीजवळ मारली, ठण्ण. मग विमलच्या वाफ्यात मारली आणि ती पहार हातभर आत गेली, आवाज न करता. "यहीं," ते म्हणाले. "यहाँ मिट्टी बढ़िया है."

विमल ओल्या हातांनी बाहेर आली. "अहो, तिथे काहून? नळाजवळ जागा आहे न."

"नळाजवळ दगड लागून राहिला, विमल. साहेब दुपारी येऊन राहिले. इथे भसाभस होऊन जाईल."

"झाडं आहेत तिथे."

"हो हो. झाडं काय, पुन्हा येतात."

ती मजुरांकडे वळली. ज्याने टेकडीवरच्या झुडपाला हात घातला होता त्याला म्हणाली, "भैया, ये धायटी है. बीज से बनाई है. ऊपर से काट लो, जड़ रहने दो." मजूर बिचारा अवघडून म्हणाला, "बाई, ट्रेंच में जड़ कैसे रहेगी?" यावर भाऊजी हसले. मजूरही हसले. खरंच, खंदकात मूळ कसं राहणार? विमल आत गेली आणि मला तिच्या स्वयंपाकघरातून तांदूळ धुण्याचा आवाज ऐकू आला. लढाई चालू होती, रेडिओ ओरडत होता, शेजारच्या लाईनीतल्या एका घरचा मुलगा सीमेवर होता. अशा वेळी झुडपांसाठी कोण रडणार? तिलाही ते कळत होतं. म्हणूनच तर ती आत गेली.

दुपारपर्यंत खंदक झाला, कडा रेघ मारल्यासारख्या सरळ. मग कोणीतरी म्हणालं, वरून झाकायला फांद्या पाहिजेत, विमानाला दिसू नये म्हणून. फांद्या होत्याच. अडुळसा पांढऱ्या फुलांनी भरलेला होता, हॅमेलियावर शेवटचे शेंदरी झुबके होते. त्याच तोडलेल्या फांद्या खंदकाच्या तोंडावर अंथरल्या. मोठे साहेब आले, चार लोक मागे, कॉलनीतली बाया-माणसं भिंतींवरून वाकून बघतायत... आणि तेवढ्यात शकरखोरा आला. थंडीतला नर, चमक गेलेला, मादीसारखा मळकट, गळ्याखाली तेवढी काळी रेघ. तो नेहमीच्या जागी गेला. तिथे झाड नव्हतं. हवेत जागच्या जागी पंख मारत राहिला, मग खाली येऊन त्या आडव्या टाकलेल्या फांद्यांतल्या फुलांत चोच घालू लागला. मोठे साहेब खूश. म्हणाले, "वाह, प्रभाकरबाबू! कॅमोफ्लाज ऐसा कि चिड़िया भी धोखा खा गई." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. पुढे दोन दिवस, फुलं सुकेपर्यंत, ती पाखरं त्या तोडलेल्या फांद्यांवर येत राहिली. मग आली नाहीत.

सराव झाला तेव्हा वॉर्डनची बायको म्हणून विमलला सगळ्यांत आधी खाली उतरून दाखवावं लागलं. मी तिच्या मागे उतरले. खंदकाच्या मातीत कापलेली मुळं बाहेर आली होती, पांढरी, ओली, आमच्या तोंडासमोर. बायका पदर सांभाळत, खिदळत उतरत होत्या. विमलने एका मुळावर बोट टेकवलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "पाहा निमा, किती खोल गेली होती." वर आल्यावर, सगळे पांगल्यावर, भिंतीशी उभी राहून ती जे बोलली ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणाली, "मला विचारलं असतं न, तर मी हो म्हटलं असतं. लढाई आहे, मला समजत नाही का? मीच कुदळ घेतली असती. विचारलं काहून नाही?"

लढाई पंधरवड्याच्या आत संपली. जबलपूरवर विमान आलं नाही, कोणी खंदकात लपलं नाही. बाकीच्या क्वार्टरांमागे खंदक शेवटपर्यंत झालेच नाहीत, कारण त्यांच्या अंगणात मुरूम होता. आख्ख्या लाईनीत एकच खंदक, तो विमलकडे. पावसाळ्यात त्यात पाणी भरलं, बेडूक झाले, एका शेजाऱ्याचं वासरू पडून त्याचा पाय मोडला. मग ऑफिसने ट्रकभर राबिट आणून तो बुजवला. तिने वर्षानुवर्षं आणलेला गाळ आणि कुजवलेली माती कुठे गेली देव जाणे. वरती पुन्हा विटांचे तुकडे, चुना, खडी. जिथून सुरुवात केली होती तिथेच. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत प्रभाकररावांनी नाव दिलं नाही. लोकांना म्हणाले, देशासाठी बाग दिली. लोकांनी त्याबद्दलही त्यांचं कौतुक केलं.

त्यानंतर ती बरीच वर्षं क्वार्टरमध्ये राहिली, पण तिने काही लावलं नाही. मला म्हणायची, सरकारी जागेत आता नाही, स्वतःचं घर झालं की करू. आणि ते घर झालं. प्रभाकरराव निवृत्त झाल्यावर मदन महलला प्लॉट घेऊन बांधलं. विमलने आयुष्यात मागितलेली मी ऐकलेली एकच गोष्ट, तीही माझ्यासमोर मागितली. "पुढे तुम्हाला काय करायचं ते करा. मागची जागा मला मातीची ठेवा." भाऊजी म्हणाले, "हो हो, ठेवू की." ती तेव्हा पन्नाशीच्या पुढची होती, पण मला घेऊन पुन्हा त्या टेकडीवर गेली आणि पदरात बी बांधून आणलं. वास्तुशांतीला मी गेले तर मागे सगळं सिमेंट, भिंतीपासून भिंतीपर्यंत, गुळगुळीत, पाणी वाहून जायला छान उतार दिलेला. मी विमलकडे पाहिलं. ती पाहुण्यांना पानं वाढत होती. भाऊजी कौतुकाने दाखवत होते, "पोती उरली होती न वहिनी, वाया गेली असती. आता चिखलाची कटकट नाही, सापाची भीती नाही." पोती उरली म्हणून! एका बाईने जन्मभर वाट पाहिलेली जमीन सिमेंट उरलं म्हणून गेली. त्या घरात ती पुढे तीस-पस्तीस वर्षं राहिली.

शेवटची भेट झाली ती जाण्याच्या महिनाभर आधी. ती खाटेवर, मी शेजारी. गुडघ्यांबद्दल, सुनेबद्दल, गढ्याच्या बाजारातल्या वांग्यांबद्दल बोललो. मग मी विचारलं, जे आयुष्यभर विचारायचं होतं. "विमल, तू कधी भांडली काहून नाही ग त्यांच्याशी?" ती हसली. म्हणाली, "भांडायला माणूस समोर थांबला पाहिजे न, निमा. हे तर 'हो' म्हणून निघून जातात." आणि खिडकीकडे तोंड केलं.

सभेनंतर दोन दिवसांनी मी भाऊजींना भेटायला गेले. जायची इच्छा नव्हती, पण इतक्या वर्षांचा घरोबा. सुनेने चहा आणला. भाऊजी खुर्चीवर बसले होते, थकलेले, खरोखर दुःखी. म्हणाले, "वहिनी, सभेत सगळे बागेचंच बोलून राहिले होते. मला वाटलं, तिच्या नावानं एक झुडूप लावावं. मागची फरशी एका कोपऱ्यात फोडून घेतो, मुलाला सांगितलं आहे." त्यांचे डोळे भरून आले. "तिचं ते लाल फुलांचं होतं न, पाखरं यायची ते... त्याचं नाव काय होतं हो?"

मला त्यांची दया यायला हवी होती. नव्वदीचा म्हातारा, बायको गेलेली, कोपऱ्यापुरती फरशी फोडायला निघालेला. पण मला दया आली नाही. मला त्या बाईची आठवण आली जिने त्या फरशीवर तीस-पस्तीस वर्षं काढली. मी म्हटलं, "नाही आठवत, भाऊजी." चहा संपवला आणि निघाले.

प्रभाकरराव वर्तमानपत्राची ही पुरवणी भिंग घेऊन वाचतात, पहिल्या ओळीपासून जाहिरातींपर्यंत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा भाऊजी, तुम्ही विचारलेलं नाव मी वर लिहिलं आहे. एकदाच, खंदकाच्या हकिकतीत. ती वाचल्याशिवाय सापडायचं नाही. सापडलं की हेही आठवून बघा, की विमलने ते नाव मोठ्याने घेतलं तेव्हा तुम्ही तिच्यापासून हातभर अंतरावर, पहार घेऊन उभे होतात.